कोणतीही विशेष तयारी करू नये

पुणे, ८ जुलै १९९६

ती. मामा,

भाचीचा नमस्कार. मामीला वेगळा नमस्कार सांगा, कारण तिच्या हाती लागायच्या आत तुम्ही पत्र फायलीला लावून मोकळे होता.

कामाचंच लिहिते. जुलै लागला की आमच्या विभागाच्या फळ्यावर पुढच्या वर्षभरातले परिसंवाद, शिबिरं, अभ्यासवृत्त्या यांची पत्रकं लागतात. धर्माचा अभ्यास करणारी आम्ही माणसं तिथे नवस बोलायला आल्यासारखी उभी असतो. बहुतेक पत्रकं माझ्या कामाची नसतात. एकाला पाली यावी लागते, एकाला जर्मन, आणि जिथे काहीच यावं लागत नाही तिथे वय तिशीच्या आत लागतं. या वेळी मात्र एक पत्रक माझ्यासाठीच छापल्यासारखं निघालं. फेब्रुवारीत बनारसला परिसंवाद आहे, विषय ‘कारखान्यांच्या वसाहतींतला धर्म’. निबंध वाचणाऱ्यांपैकी एकाला दोन वर्षांची अभ्यासवृत्ती मिळणार आहे.

मामा, मी सात वर्षं तासांवर शिकवतेय. पुढच्या वर्षी माझे तासही निम्मे होणार, असं आमच्या बाईंनी सांगून टाकलंय. ही वृत्ती मिळाली तर मी या अभ्यासात राहीन. नाही मिळाली तर चुलतभावाच्या शिकवणी वर्गात दहावीचा इतिहास शिकवीन. सरळ सांगायचं तर हा शेवटचा डाव आहे.

आपल्या वसाहतीत माझं सगळं बालपण गेलं, त्यावरच मी गोषवारा पाठवला आणि तो निवडला गेला. पूर्ण निबंध नोव्हेंबरअखेर द्यायचा. म्हणून गणपतीत तुमच्याकडे येते. मला फक्त बघायचंय. माझ्यासाठी कोणतीही विशेष तयारी करू नका. दरवर्षी होतं तसंच होऊ द्या.

तुमची
शालिनी


बरखेडा, भोपाळ, १७ जुलै १९९६

विषय: गणेशोत्सवाच्या पाहणीसाठी आगमन.
संदर्भ: तुझं ८ तारखेचं पत्र.

चि. शालू,

आशीर्वाद. पत्र मिळालं, नवीन फाइल उघडली.

मंडळाचा सेक्रेटरी या नात्याने कळवतो की तुझं येणं मंडळाने मंजूर केलं आहे. मामा या नात्याने सांगतो की मंजूर नसतं केलं तर मी एकेकाला बघून घेतलं असतं.

शेजारच्या घोषबाबूंना बातमी सांगितली. तुला आठवतच असतील, दुर्गापूजा समितीचे सेक्रेटरी. त्यांनी विचारलंय की धर्माचा अभ्यास करणारे लोक धर्म पाळतात का, आणि संमेलनात शेवटी प्रसाद असतो का. उत्तर सवडीने दे.

तुझं शेवटाकडचं एक वाक्य वाचून मात्र हसू आलं. ‘कोणतीही विशेष तयारी करू नये.’ बेटा, अठ्ठावीस वर्षं या कारखान्यात काढली. दिल्लीहून चेअरमन यायचे असले की आधी हेच वाक्य येतं. एका साली आमच्या ब्लॉकच्या नव्या साहेबांनी ते खरं मानलं आणि काही केलं नाही. त्यांची बदली कुठे झाली ते आजतागायत कोणाला कळलेलं नाही. मोठी माणसं ‘तयारी करा’ असं कधी लिहीत नसतात. आपण समजायचं असतं.

तुझ्या भविष्याचा सवाल आहे, हे मी बरोबर समजलो. तू निश्चिंत ये.

नीळकंठ धारकर


पुणे, २५ जुलै १९९६

प्रिय मामी,

हे पत्र तुलाच, मामांना दाखवू नकोस.

मामांच्या पत्रावरून त्यांना काहीतरी भलतंच कळलंय असं वाटतं, पण जाऊ दे. तुला खरं सांगते, मी केळीसाठी येतेय. आपल्या मंडळात गौरीच्या दिवशी घोषबाबू गणपतीशेजारी केळीचं रोप उभं करतात, त्याला लाल काठाची पांढरी साडी नेसवतात, आणि तुम्ही सगळ्या मराठी बायका तिची ओटी भरता. लहानपणी मला वाटायचं, सगळीकडे असंच असतं. पुण्यात आल्यावर कळलं की असं कुठेच नसतं! बंगाल्यांच्या दुर्गापूजेत गणपतीशेजारी केळ असते, तिला ते त्याची बायको म्हणतात. ओटी ही आपली. दोन्ही एकत्र फक्त आपल्याच मांडवात होतं. माझा सगळा गोषवारा त्यावर उभा आहे. ती ओटी मला डोळ्यांनी बघायची आहे आणि फोटो घ्यायचे आहेत.

पण मामांना हे सांगायचं नाही. आमच्या बाई म्हणतात, काय बघायचंय ते सांगितलं की लोक तेच करून दाखवतात. मामांना कळलं तर ते केळीची बाग लावतील. तेव्हा माझी शपथ आहे, एक अक्षर बोलू नकोस.

शालू


भोपाळ, १० ऑगस्ट १९९६

शालूबाई,

तुझं पत्र पोळीच्या डब्याखाली ठेवलंय. तिकडे हे कधी बघत नाहीत.

काय लिहू? तू मला शपथ घालून मोकळी झालीस. इकडे यांनीही एका गोष्टीची शपथ घातली आहे, म्हणे शालूला सरप्राइज द्यायचंय. आता तुझी गोष्ट माझ्या पोटात, यांची गोष्ट माझ्या पोटात, आणि दोघी आत भांडताहेत. देवाशपथ सांगते, शपथ घालणाऱ्यांना पाप लागायला हवं, पाळणाऱ्यांना कशाला?

आडून आडून बोलून पाहिलं. परवा जेवताना म्हटलं, परसातली केळ यंदा छान वाढली आहे नाही? तर म्हणाले, कच्च्या केळ्यांची भाजी कर. आता याच्यापुढे मी काय बोलू.

तुला एवढंच सांगते की तुझ्या मामांच्या डोक्यात पुणं शिरलंय. जमलं तर आठ दिवस आधी ये. का ते विचारू नकोस.

सुलभा मामी


पुणे, २० ऑगस्ट १९९६

मामी,

तुझं पत्र वाचून खूप हसले. मामांच्या डोक्यात पुणं शिरलंय म्हणजे माझ्यासाठी अळूची भाजी नि साखरभात शिकायला लावताहेत ना तुला? मुळीच करू नकोस. मला डाळ-बाफलेच हवेत. आधी येणं जमत नाही, तास बुडवले तर तेवढेही जातील. चतुर्थीच्या आदल्या दिवशी पोचते.

शालू


बरखेडा, भोपाळ, २ सप्टेंबर १९९६

विषय: सज्जता.

चि. शालू,

सर्व तयार आहे. जास्त लिहीत नाही, डोळ्यांनीच बघ. तुझ्या बनारसच्या विद्वानांना बोट ठेवायला जागा मिळणार नाही. स्टेशनावर मी स्वतः येतो, पांढऱ्या अँबेसेडरचा बंदोबस्त झाला आहे.

नीळकंठ


पुणे, २९ सप्टेंबर १९९६

ती. मामा,

निघताना तुम्ही विचारलंत, कसं वाटलं? मी छान म्हटलं आणि गाडीत बसून इटारसीपर्यंत रडले. तोंडावर बोलायची हिंमत झाली नाही, म्हणून लिहिते.

स्टेशनपासून बरखेड्यापर्यंत मी झाडं बघत आले. सगळ्यांच्या बुंध्यांना गेरू, वर चुन्याचा पट्टा. मांडवाभोवतीचे दगडसुद्धा पांढरे. कोपऱ्यावर बाण काढलेली पाटी, ‘धर्म अभ्यास पथक’. पथक म्हणजे मी एकटी! मांडवात मला पाठीवर टर्किश टॉवेल टाकलेली साहेबांची खुर्ची. पुढे अभिप्रायाची वही, आणि तिच्यात ‘सर्व व्यवस्था समाधानकारक आढळली’ असं आधीच लिहिलेलं, मी फक्त सही करायची. मी ती केली, मामा. काय करणार होते?

इथपर्यंत मी हसतही होते. पण इंदूरहून गुरुजी आणलेत, ते सगळं सोवळ्यात करत बसले. घोषबाबू दरवर्षी आरतीला आपला बंगाली ढोल वाजवायचे, तो ढाक नाही. त्यांना फोनवरून कळवलंत म्हणे की यंदा जरा शिस्तीत आहे. शेजारच्या दाराला फोन! आणि गौरीच्या दिवशी मी सकाळपासून कॅमेरा घेऊन उभी, आणि केळ नाही. मी विचारलं तर तुम्ही हळूच म्हणालात, काळजी करू नकोस, ते सगळं मी काढून टाकलंय.

मामा, मी त्या केळीसाठीच आले होते. माझा निबंध तीच होती. आता लिहायला काहीही नाही. पुण्यातला कुठलाही गणपती बघून मी हे लिहू शकले असते.

तुमचं प्रेम मला कळतं, म्हणूनच जास्त राग येतोय.

शालिनी


भोपाळ, ७ ऑक्टोबर १९९६

शालू,

तुझं पत्र यांनी वाचलं, फायलीला लावलं, परत काढलं, परत वाचलं. मग न जेवता झोपले. आता तरी मला बोलू दे, शपथांची मुदत संपली.

तुझ्या चुलतभावाच्या, विश्वासच्या, मुलाची मुंज पुण्यात झाली ना, तिथे पंक्तीत यांनी मोठ्या कौतुकाने आपल्या केळीची गोष्ट सांगितली. तर पलीकडचे एक गृहस्थ म्हणाले, तुमच्याकडे भोपाळला गणपतीचं लग्न झाडाशी लावतात वाटतं, आणि मराठी तरी बोलता का हिंदीच? सगळी पंगत हसली. हे पण हसले. आता तू विद्वान लोकांपुढे आपल्या मंडळाचं वाचणार म्हटल्यावर त्यांना तीच पंगत दिसली. मला म्हणाले, “मला हसले ते चाललं. माझ्या भाचीला हसता कामा नये.”

चूक केली, मोठी केली. तू रागाव. पण लाजून केली नाही, तुला जपायला केली.

आमचंही नुकसान झालंय बरं. घोषबाबू बोलत नाहीत. दोन अंगणांमधल्या मेंदीत माणूस जाईल एवढी फट होती, ती त्यांनी काटे लावून बंद केली. संध्याकाळी हे अंगणात उभे राहून मोठ्याने क्रिकेटचा स्कोअर सांगतात आणि पलीकडचं दार लागतं. आणि आम्हा बायकांच्या ओट्या भरायच्या राहून गेल्या, ते वेगळंच. शालिग्राम वहिनी तर म्हणाल्या, वर्षभर काही धड होणार नाही बघा.

तू जेवत जा वेळेवर.

सुलभा मामी


बरखेडा, भोपाळ, २३ ऑक्टोबर १९९६

विषय: दुर्गापूजेच्या सप्तमीचा अहवाल.

चि. शालू,

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला उशीर झाला.

दोन्ही पूजांना केळ जाते ती आपल्या परसातली. घोष दरवर्षी फटीतून येतो आणि न विचारता तोडून नेतो. यंदा आला नाही. गोविंदपुऱ्याच्या बाजारातून विकतची आणल्याचं कळलं. मला ते सहन झालं नाही. सप्तमीला पहाटेच उठून मी आपलं रोप तोडलं, खांद्यावर घेतलं आणि सडकेने फिरून त्यांच्या मांडवाशी जाऊन उभा राहिलो. फटीतून जाता येईना. धोतरावर सगळा चीक पडला. तुझी मामी म्हणते तो डाग आता जायचा नाही.

घोषने मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि विचारलं, “दादा, कोई इन्स्पेक्शन आ रहा है क्या?”

मी म्हटलं, “नहीं. कोई नहीं आ रहा.”

मग विकतचं रोप त्याने बाजूला ठेवलं आणि आपलं उचलायला दुसऱ्या बाजूने हात लावला. दोघांनी मिळून तळ्यावर न्हाऊ घातलं, साडी नेसवली. त्याची नेसवण्याची पद्धत अजूनही चुकीची आहे, पण मी काही बोललो नाही.

अष्टमीला आणखी एक घडलं. तुझी मामी, शालिग्राम वहिनी आणि आपल्याकडच्या झाडून सगळ्या बायका खण-नारळ घेऊन त्यांच्या मांडवात गेल्या आणि केळीची ओटी भरली. मी कोणाला सांगितलं नव्हतं. मामीला विचारलं तर म्हणाली, आमची राहिली होती, आम्ही भरली, त्यात कोणाला काय विचारायचंय. मग घोषची बायकोही पदर पसरून बसली, तिचीही भरली. घोषने ढाक वाजवला. माझे डोळे भरून आले ते धुपामुळे.

फोटो एकही नाही. कॅमेरा न्यायचं सुचलं नाही, कारण बघायला कोणी येणार नव्हतं. तुझ्या उपयोगाचं काही असेल तर घे. नसेल तर मामाचा मूर्खपणा म्हणून सोडून दे.

नीळकंठ


पुणे, ४ नोव्हेंबर १९९६

मामा,

तुमचा अहवाल मी बाईंना वाचून दाखवला. त्या चष्मा काढून बसल्या आणि म्हणाल्या, इतके दिवस मी तुला जे शिकवत होते ते हेच. निबंध लिहून झालाय!

आता तुमची परवानगी हवी. मी केळीबद्दल लिहिलंय, पण सुरुवात चुन्यापासून केली आहे. गेरू, बाण, टॉवेल, आधीच लिहिलेला अभिप्राय, सगळं. कारण वसाहतीत सगळ्या धर्मांचे लोक एका श्रद्धेने काय करत असतील, तर साहेब येण्याची तयारी. आणि कोणीच येणार नसतं तेव्हा काय करतात, ते दुसऱ्या भागात. घोषबाबूंचा प्रश्न आणि तुमचं उत्तर जसंच्या तसं घेतलंय.

हे वाचताना लोक हसतील, मामा. तुम्हाला नको असेल तर मी सगळा पहिला भाग काढते. निबंध लंगडा झाला तरी चालेल. मला तुमची दुसरी पंगत करायची नाही. नाव कोणाचंच नाही, माहिती देणाऱ्यांना आमच्यात क्रमांक देतात. घोषबाबू क्रमांक एक, तुम्ही क्रमांक दोन, मामी तीन. मसुदा सोबत पाठवते.

शालू


बरखेडा, भोपाळ, १४ नोव्हेंबर १९९६

विषय: मसुद्यावरील हरकती.

चि. शालू,

मसुदा वाचला. घोषनेही वाचून घेतला, मेंदीच्या फटीत उभं राहून. काटे त्याने काढले आहेत.

हरकत एकच आहे पण ती गंभीर आहे. घोष क्रमांक एक कसा? तो माझ्यानंतर दोन वर्षांनी रुजू झाला. कारखान्यातल्या कोणत्याही यादीत तो माझ्यावर नाही. बनारसला हे चालत असेल, इथे चालत नाही. घोषचं म्हणणं आहे की दुर्गापूजा समिती गणेशोत्सव मंडळापेक्षा जुनी आहे. दोन संध्याकाळ चर्चा झाली. शेवटी तडजोड अशी निघाली की सुलभा क्रमांक एक. ती कारखान्यात कधीच नव्हती, त्यामुळे कोणाची सीनियॉरिटी मारली जात नाही.

चुन्याबद्दल खुशाल लिही. हसले तर हसू देत. मी पहिल्यांदा हसलो होतो तो खोटा हसलो होतो, आता तुझं वाचून खरा हसलो. फक्त चुना वस्त्रगाळ केलेला होता, हे कुठेतरी घाल.

नीळकंठ


बनारस, १२ फेब्रुवारी १९९७

मामा आणि मामी,

मिळाली! दोन वर्षांची अभ्यासवृत्ती मिळाली. सप्टेंबरपासून मी भोपाळला राहायला येतेय. साकेत नगरात खोली बघा, नाहीतर मामी, तुझ्याकडेच राहते. आईला तार केली आहे.

काय झालं ते सांगते. टॉवेलच्या खुर्चीशी आले आणि सगळं सभागृह हसलं. मला मुंजीची पंगत आठवली. तेवढ्यात मागच्या रांगेतले एक म्हातारे प्राध्यापक उठून म्हणाले, आमच्या दुर्गापूरला तर साहेब यायचे असले की निखाऱ्यांची राखसुद्धा झाडून ठेवायचे. मग भिलाईचे उठले, राउरकेल्याचे उठले, प्रत्येकाकडे कोणीतरी झाडांना गेरू लावलेला. मामा, ते तुम्हाला हसत नव्हते. प्रत्येकाला आपापल्या घरचं माणूस आठवत होतं. आणि “कोई नहीं आ रहा” वाचलं तेव्हा कोणी हसलं नाही.

आता एक सांगते, घाबरू नका. त्यांच्यातले तिघं यंदा गणपतीला माझ्याबरोबर येणार आहेत. तुम्हाला रीतसर पत्र येईल.

तुमची शालू


बरखेडा, भोपाळ, २४ ऑगस्ट १९९७

विषय: बनारसच्या पाहुण्यांचे आगमन.

चि. शालू,

आशीर्वाद. तिघांचं पत्र आलं. शेवटची ओळ अशी आहे, ‘आमच्यासाठी कृपया कोणतीही विशेष तयारी करू नये.’ वाक्य ओळखीचं वाटलं.

लगेच मंडळाची आणि पूजा समितीची संयुक्त बैठक बोलावली. एकमताने ठराव झाला की या वेळी हे वाक्य जसंच्या तसं पाळायचं. अंमलबजावणीसाठी उपसमिती नेमली आहे, मी आणि घोष. रोज संध्याकाळी आम्ही दोघं वसाहतीला चक्कर मारतो आणि कोणी चोरून काही तयारी तर करत नाही ना, ते बघतो. इंदूरच्या गुरुजींना येऊ नका म्हणून कळवलं. टॉवेल मामीने अंग पुसायला काढला. घोष ढाकाला नवीन कातडं लावणार होता, त्याला रोखला, म्हटलं दरवर्षी फाटकाच वाजवतोस. परसातली केळ तब्येतीने ठीक आहे. तिला फक्त पाणी घालतो, जास्त लक्ष देत नाही.

एकच अडचण आली. देखभाल विभागाला कुठून तरी पाहुण्यांचा सुगावा लागला आणि त्यांनी परवा आपणहून सगळ्या झाडांना गेरू-चुना लावून टाकला. पण तू काळजी करू नकोस. उपसमितीने माणसं लावली आहेत, खरवडायचं काम चालू आहे, वर थोडी माती चोळतो आहोत. चतुर्थीपर्यंत सगळी झाडं दरवर्षीसारखी मळकट दिसतील.

तू निश्चिंत ये.

नीळकंठ मामा